वाटीमावशीचा डावा हात

मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळ्याजणी वाटीमावशी म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण ज्या पोरीने ठेवलं तिची नजर तयार होती एवढं खरं. ही बाई भटारखान्यातून बाहेर पडली आणि तिच्या हातात झाकलेली वाटी नाही, असं कधी झालंच नाही. वाटीत काय असेल याचा नेम नसे. कधी आंबटलेलं दही, कधी तांदळाचं धुवण, कधी काकडीचा कीस, तर कधी सकाळच्या उरलेल्या चहाचं गार पाणी. ऐंशी मुलींचा स्वयंपाक म्हटलं की काही ना काही उरतंच, आणि उरलेलं टाकून देणं तिच्या जिवावर येई. पोटात जात नसेल तर अंगाला लावा, हा तिचा साधा सरळ न्याय.

तिचे नियम दोनच. पहिला, जे तोंडात घालता येत नाही ते तोंडाला लावायचं नाही. दुसरा, कुठलीही वाटी कोणाच्या हातात देण्याआधी त्यातलं बोटभर स्वतःच्या डाव्या तळहाताला, अंगठ्याखालच्या उंचवट्यावर लावून अर्धा तास ठेवायचं. चुरचुरलं नाही, खाज आली नाही, म्हणजे वाटी पास. डावाच हात का, तर उजव्याला झारा सोडायची फुरसत नसे. या दुसऱ्या नियमाचा तिला भारी अभिमान. बाटल्या विकणारे कुठे आपल्या हाताला लावून बघतात, असं ती मुलींना विचारायची आणि उत्तराची वाट न बघता डाळ ढवळायला वळायची. तीस वर्षांत तिची एकही वाटी नापास झाली नव्हती. यात काही चमत्कारिक आहे, असं तिच्या कधी मनात आलं नाही. आपल्याही आलं नसतं.

ख्याती होती तशी फजितीही होती. एका उंच मुलीला तिने केसांसाठी दोन अंडी फेटून दिली आणि दहादा बजावलं की धुताना पाणी गार घे. पोरगी थंडीने कुडकुडत होती. हो हो म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन तिने सोडलं कढत पाणी. अंड्याला पातेलं काय आणि डोकं काय, सारखंच. ते जागच्या जागी शिजलं. पुढचे दोन दिवस मैत्रिणी तिच्या केसांतून अंड्याचे कण वेचत होत्या आणि जेवणाच्या टेबलावर कोणी ना कोणी तिच्यापुढे मीठ-मिरपूड सरकवत होतं. वाटीमावशी रागावली नाही. तिने पोरीला भटारखान्याच्या मागच्या पायरीवर बसवलं, बारीक दातांची फणी घेतली आणि शेवटचा कण निघेपर्यंत उठली नाही. केस नंतर चमकत होते, हेही कबूल करायला हवं.

घरी मात्र पिकतं तिथे विकत नाही अशी गत होती. घरात दोघीच, ती आणि तिची लेक, आणि लेकीचा धंदा नेमका बाटल्यांचा. दोन गल्ल्या सोडून असलेल्या पार्लरमध्ये ती केस धुण्या-कापण्याचं आणि रंगवण्याचं काम करायची. दोन खुर्च्या, एक बेसिन, आणि भिंतभर फळ्यांवर रंगीत बाटल्या. लेकीचा हात हलका होता. तिच्या हातून डोकं धुऊन घेताना बायका झोपी जात, आणि काही तर केस कापायचे नसतानाही नुसतं धुऊन घ्यायला येत. दिवसाला बारा-पंधरा डोकी सहज व्हायची. संध्याकाळी घरी आली की माय-लेकींची जुंपायची. लेक म्हणे, तुझ्या वाटीला मुंग्या लागतात. मावशी म्हणे, मुंगीला कळतं खरं काय ते, तुमच्या बाटलीला ती हुंगतसुद्धा नाही. इतकं होऊनही रविवारी आईसमोर पाट घेऊन बसणारी आणि तोंडाला दही-मध लावून घेणारी ही लेकच असायची. डोळे मिटून बसे आणि मधूनच जिभेने ओठांवरचा मध चाटून घेई. इतकी मोठी झाली तरी ती खोड काही गेली नव्हती.

हात बिघडायला लागले ते आधी बोटांच्या बेचक्यांत. लाली, मग खाज, मग बारीक चिरा. लेकीने ते कोणाला सांगितलं नाही. तिचा स्वभावच तसा, लहानपणी पाय मुरगळला तरी घरी येऊन काही होत नाही म्हणायची आणि रात्रभर तळमळायची. मावशीला कळलं ते एका संध्याकाळी चहा पिताना. लेकीने कप बोटांनी धरलाच नाही, दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून उचलला. मावशीने कप काढून घेतला आणि हात उजेडात धरले. बोटांची पेरं फुटली होती. शाम्पूत आणि रंगात बुडून बुडून कातडं इतकं पातळ झालं होतं की मूठ वळली तरी रक्त येई.

पार्लरची मालकीण काही वाईट बाई नव्हती. पण गिऱ्हाईक डोकं धुऊन घ्यायला येतं आणि धुणारीचे हात बघून दचकतं. एकीने तर सरळ दुसरी खुर्ची मागितली. मालकिणीने लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की महिनाअखेरपर्यंत बघते, तोवर हात सुधारले तर ठीक, नाहीतर बेसिनवर दुसरी मुलगी उभी करावी लागेल. लेकीला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण तिला दुसरं काही करायचं नव्हतं. शाळेत असल्यापासून बाहुल्यांचे, शेजारणींचे, दिसेल त्याचे केस तिने धुतले होते. ती खुर्ची गेली तर पोरगी आतून मिटेल, हे मावशीला न सांगता कळलं.

मग काय, वाटीमावशीने कंबर कसली. तीस वर्षं परक्यांच्या लेकींना वाट्या दिल्या, आता स्वतःच्या लेकीसाठी ते ज्ञान कामाला यायला नको का? तिने रविवारची दुपार धरली. कातडं मऊ पडावं म्हणून मध घेतला. मेलेला पापुद्रा निघावा म्हणून साखर बारीक दळून घातली. लाली उतरावी आणि मधाचा चिकटपणा मोडावा म्हणून दोन लिंबं पिळली. नेहमीप्रमाणे आधी डाव्या हाताला लावून बघितलं, आणि लेकीचं काम म्हणून अर्ध्या तासाऐवजी तासभर ठेवलं. काही झालं नाही. चुरचुर नाही, खाज नाही. वाटी पास.

"आधी लावून बघितलंस ना?" लेकीने विचारलं.

"तासभर. काहीसुद्धा झालं नाही," मावशी म्हणाली.

लेकीने हात पुढे केले. मावशीने ते लेप देऊन जुन्या धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळले, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसे. मग समोर बसून वाटाणे सोलत तिने वसतिगृहातल्या गमती सांगितल्या. कोण कोणाचा साबण चोरतं, कोणी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि तशीच दार उघडायला गेली, असलं सगळं. लेक हसायच्या तिथे हसत होती. दोन तास झाले. मावशी फडकं सोडायला गेली तर ते सुटेना. कोमट पाण्याने भिजवून काढलं तेव्हा आत जे दिसलं ते पाहून मावशी मागे सरली आणि शेजारची वाटाण्यांची परात कलंडली. चिरा उघड्या पडल्या होत्या आणि हाताची पाठ भाजल्यासारखी लाल झाली होती.

"काही होत नाही गं," लेक म्हणाली. खालच्या ओठावर तिच्याच दातांचे चार व्रण होते.

दुसऱ्या दिवशी दोघी कातडीच्या डॉक्टरणीकडे गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, मावशीच्या वसतिगृहातल्या एखाद्या पोरीसारखी. तिने हात पाहिले, काय लावलं ते विचारलं, आणि लिंबू आणि साखर हे शब्द ऐकून क्षणभर डोळे मिटून घेतले. मावशीने घाईघाईने सांगितलं की मी आधी स्वतःच्या हाताला लावून बघितलं होतं, मी नेहमीच बघते. तिच्या आवाजात अजून त्या नियमाचा थोडा अभिमान होता, म्हणजे बुडत्याला काडीचा आधार असतो तेवढाच.

डॉक्टरणीने तो डावा हात टेबलावर मागून घेतला आणि काम काय, किती वर्षं, ते विचारून घेतलं. मावशीला मान वळवून भिंतीकडे बघायला सांगितलं. मी कापसाने स्पर्श केला की हो म्हणा, असं ती म्हणाली. मावशी भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर कातडीचं आडवं चित्र होतं, थरावर थर, त्यात केसांची मुळं. तिचं ते सगळं बघून झालं. डॉक्टरीण अजून सुरुवात का करत नाही, म्हणून तिने मान वळवली, तर कापूस तिच्या तळहातावरच होता.

"पाच वेळा झालं, मावशी," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "तीस वर्षं गरम भांडी फडक्याशिवाय उचलताय तुम्ही. हे कातडं घट्ट्यांनी मढलंय. याला निखारा लावला तरी ते उशिरा सांगेल."

असा घाव कोणी घालू नये, पण तो डॉक्टरणीने घातला नव्हता. मावशीच्या डोळ्यांसमोरून तीस वर्षांच्या सगळ्या वाट्या गेल्या. टोमॅटो लावून तोंड लाल झालेली एक मुलगी तिला आठवली, जी म्हणाली होती की थोडं चुरचुरतंय, आणि जिला मावशीने ठणकावून सांगितलं होतं की शक्य नाही, मी बघितलंय. घरी जाताना तिने लेकीला एकच विचारलं, आग होत होती तर बोलली का नाहीस. लेक म्हणाली, तू लावून बघितलं होतंस ना, मला वाटलं माझंच कातडं नाजूक. मावशी रस्त्यात उभी राहिली. तिला तिथेच, भाजीच्या गाड्यापाशी, रडू आलं, आणि लोक बघतात म्हणून ते थांबलंही नाही.

डॉक्टरणीने लेकीच्या पाठीवर निरनिराळ्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवल्या आणि दोष कशाचा ते शोधून काढलं. केसांच्या रंगातलं एक औषध लेकीला सोसत नव्हतं, आणि सततच्या शाम्पूने जखमेवर मीठ चोळलं होतं. रंगासाठी कायमचे जाड हातमोजे. सहा आठवडे पाणी नाही, शाम्पू नाही, रंग नाही. मलम लावायचं, वर सुती मोजे घालायचे, आणि मोजे घालून कोरडे केस कापले तर चालेल. सहा आठवड्यांनी आधी एकच डोकं धुऊन बघायचं. आग झाली तर हा धंदा सोडायचा. डॉक्टरीण हे शेवटचं वाक्य बोलताना कागदाकडे बघत होती.

मालकिणीने ऐकून घेतलं आणि खरं तेच सांगितलं. सहा आठवडे बेसिन रिकामं ठेवता येणार नाही, आणि एकदा दुसरी मुलगी आणली की तिला काढून टाकता येणार नाही. लेक मान खाली घालून उभी होती. मावशी दाराशी थांबली होती, हातात वाटी नव्हती. ती पुढे आली आणि म्हणाली, "सहा आठवडे डोकी मी धुते."

मालकिणीला हसावं की नाही ते कळेना. बाटलीतलं विष म्हणून ज्या बाईने अख्ख्या गल्लीत बभ्रा केला होता, ती त्याच बाटल्यांपुढे उभी राहणार होती. पण मावशीने वसतिगृहात रात्रीच्या जेवणाची पाळी जोडीदारणीला दिली, भल्या पहाटे जाऊन दुपारचं उरकायला लागली आणि तीनच्या ठोक्याला पार्लरमध्ये हजर व्हायला लागली.

पहिल्या दिवशी तिने डोकं धुतलं ते करपलेलं पातेलं घासल्यासारखं. गिऱ्हाईक बाई दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती. संध्याकाळी लेकीने स्वतःचा हात मोज्यातून हवेत फिरवून दाखवलं. नखं नाहीत, बोटांचं पोट. कानामागे थांबायचं. मानेच्या खळगीत थोडा दाब. घाई केली तर डोक्याला कळतं. दुसरी पंचाईत पाण्याची. गरम किती ते मावशीच्या हाताला कळत नव्हतं, म्हणून ती दर वेळी पदर सावरून कोपराच्या आतल्या बाजूवर पाणी घेऊन बघायची आणि वर गिऱ्हाइकालाही विचारायची. बायकांना ते आवडायला लागलं. इतकं विचारून पाणी त्यांना कोणी घातलं नव्हतं. पंधरा दिवसांनी एक म्हातारी चक्क घोरायला लागली, तेव्हा माय-लेकींनी आरशातून एकमेकींकडे बघितलं.

वसतिगृहातल्या मुली मात्र हिरमुसल्या. आठ दिवस वाटी आली नाही. मग एका सकाळी मावशीने सगळ्यांना भटारखान्यात बोलावून घडलं ते सांगितलं, काही न लपवता, कापसासकट. इथून पुढे वाटी मिळेल, पण आदल्या दिवशी जिने तिने आपल्याच कोपराच्या आत लावून बघायचं. फुटलेल्या कातड्याला काही नाही. लिंबू फक्त ताटात. टोमॅटोवाली मुलगी नोकरी लागून कधीच निघून गेली होती. मावशीने तिचा पत्ता शोधून तिला चार ओळी लिहिल्या. उत्तर आलं की तुमच्या दह्याची आठवण येते. डॉक्टरणीला तिने धीर करून विचारलं होतं की माझ्या भटारखान्याच्या फळीवरचं काहीच उपयोगाचं नाही का. डॉक्टरीण म्हणाली की चिरा भरल्या की ओटचं पीठ पाण्यात भिजवून, गाळून, त्यात हात थोडा वेळ ठेवायला हरकत नाही. तेव्हा चौथ्या आठवड्यापासून ते पाणी घरी रोज व्हायचं. मावशी ते लेकीपुढे ठेवायची आणि म्हणायची, आधी तू बघ.

सहावा आठवडा संपला त्या दिवशी डॉक्टरणीने हात उलटेसुलटे करून पाहिले आणि होकार दिला. पार्लरमध्ये दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मालकीण गल्ल्यामागे उगाच फणी पुसत उभी होती. लेकीने मोजे काढले. तळहात गुलाबी आणि कोवळे दिसत होते, नुकतीच कात टाकल्यासारखे. कोणाचं डोकं घ्यायचं, हा प्रश्नच आला नाही. तिने खुर्ची मागे वळवली आणि म्हणाली, "आई, बस."

मावशीने अंबाडा सोडला. पिकलेले केस, धुराचा आणि फोडणीचा वास असलेले. तिची स्वतःची आई गेल्यापासून त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता. तिने मान बेसिनच्या खाचेत टेकली. वर छताचा पांढरा चौकोन तेवढा दिसत होता. पाणी आलं, मग शाम्पू, मग लेकीची दहा बोटं. मावशीने श्वास धरला. पोरगी तोंडाने सांगणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. आग झाली तरी काही होत नाही म्हणेल, उद्याही म्हणेल, हात सडेपर्यंत म्हणेल. म्हणून ती बोटांवर लक्ष ठेवून होती. एखादं बोट अडखळतंय का, दाब मध्येच सुटतोय का. बोटं कानामागे थांबली आणि तिने मान उचलायला घेतली. मग आठवलं, तिथे थांबायचंच असतं.

"होतंय का गं काही?" तिने तरी विचारलं.

लेकीचे हात चालूच होते.

"आई, त्या रविवारी आग होत होती," ती म्हणाली. "पहिल्या मिनिटापासून. तुला सांगितलं नाही. आज होत नाहीये."

मावशीने डोळे मिटले. आधीची वाक्यं ऐकली म्हणून शेवटच्यावर तिचा विश्वास बसला. लेकीने आयुष्यात पहिल्यांदा तिला दुखलं म्हणून सांगितलं होतं. मावशीला इतकं बरं वाटलं की तिला ते सोसवेना. डोळ्यांतून कानापर्यंत पाणी वाहत गेलं आणि फेसात मिसळलं.

तेवढ्यात दार उघडलं. ती घोरणारी म्हातारी होती. आज आई धुणार की लेक, असं तिने दारातूनच विचारलं. मालकिणीने तोंड उघडलं, पण उत्तर दिलं लेकीने. म्हणाली, मी धुणार, पाच मिनिटं बसा. मालकीण पुन्हा फणी पुसायला लागली.

लेकीने फेस धुऊन काढला, केस पिळले आणि टॉवेल गुंडाळून आईची मान वर केली. वाटीमावशी दोन क्षण तशीच बसून राहिली. मग तिने टॉवेल एका हाताने धरला, उठली आणि म्हातारीसाठी खुर्ची रिकामी करून दिली.